बीटा एचसीजी कोणाचं?

रक्त तपासणाऱ्या एका लॅबचा हा रिव्ह्यू. स्टार आधीच सांगतो, पाचपैकी चार. लॅबचं नाव मात्र लिहीत नाही. खाली दोन लॅबांबद्दल लिहिणार आहे, त्यातल्या एकीची हजेरी घेणार आहे, आणि रत्नागिरी गाव एवढंसं. नाव घेतलं तर उद्या त्याच माणसाच्या भावाच्या बोटीचं इंजिन माझ्याकडे यायचं. ज्याला खरोखर गरज असेल त्याने मिरकरवाड्याच्या जेटीवर येऊन इंजिनवाला कोण म्हणून विचारावं, लॅबचा जिना दाखवायला मी स्वतः येईन.

लॅब कसली, कशासाठी, हे आधी सांगायला हवं. मी मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं बांधतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून शाकारलेल्या. लोकांना वाटतं आमची सुट्टी. उलट आहे. वर्षभराचं काम त्या दोन महिन्यांत उरकायचं असतं, कारण नारळी पौर्णिमा झाली की प्रत्येक तांडेलाला आपली बोट पहिली पाण्यात पाहिजे. २०२४ च्या जूनमध्ये आंघोळ करताना उजव्या गोटीला काहीतरी कडक लागलं. डॉक्टर वृषण म्हणतात, मी गोटीच म्हणणार. वाटाण्याएवढा दगड आत बसवल्यासारखं. दुखत अजिबात नव्हतं. दुखलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेलो असतो. पण समोर अकरा इंजिनं उघडी पडलेली, म्हटलं बंदी संपू दे.

जुलैअखेर ती बाजू जड झाली, चालताना ओढल्यासारखं व्हायला लागलं. काकाला सांगितलं तर तो म्हणाला, "पाणी भरलं असेल रे. आपल्या आज्याला नारळाएवढी झाली होती, ऐंशीपर्यंत जगला." आमच्याकडे खालचं काहीही सुजलं की अंडवृद्धी. डॉक्टरांनी खोलीतला दिवा बंद केला आणि गोटीमागे बॅटरी धरली. पाणी असतं तर उजेड आरपार लाल दिसतो म्हणे. माझ्या बाजूला अंधार. ते काही बोलले नाहीत, सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला लागले.

ऑपरेशन गणपतीच्या चार दिवस आधी. गोटी काढतात ती जांघेतून काप घेऊन, खालून नाही. आधी सुई टोचून तुकडा का नाही तपासत, हे मी विचारलं होतं. उत्तर मला फार पटलं. आईच्या पोटात असताना गोट्या मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात. खाली आल्या तरी त्यांची लसिकेची पाइपलाइन (रोगाच्या पेशी हिच्यातूनही पसरतात) अजून वरच, पोटाच्या मागच्या भिंतीपाशी जाते. वरच्या पिशवीच्या कातडीची लाइन वेगळी, ती जांघेतल्या गाठींना. पिशवीत सुई घातली की दोन लाइनींची गळती एकमेकांत. कुठलाही मेकॅनिक डिझेलच्या लाइनला पाण्याच्या लाइनशेजारी भोक पाडणार नाही. तर त्या वर्षी आरतीला मी भिंतीला टेकून उभा होतो आणि टाळ धाकट्याच्या हातात होता.

रिपोर्ट आला: मिश्र जर्म सेल ट्यूमर, म्हणजे गोटीचा कॅन्सर. तीन प्रकारच्या पेशी एकाच गाठीत. गाठीच्या तुकड्यांचे ब्लॉक, स्लाइड आणि सीटीची सीडी घेऊन तुतारी एक्स्प्रेसने दादर, तिथून परळचं हॉस्पिटल. गाडी परतीच्या चाकरमान्यांनी भरलेली, मी दाराशी उशी मांडीवर घेऊन. तिथल्या डॉक्टरांनी सीटी पाहिला: पोटातल्या लसिकेच्या गाठी साफ, फुप्फुसं साफ. गाठीतल्या रक्तवाहिन्यांत पेशी शिरलेल्या नाहीत. म्हणजे पहिली पायरी. त्यांनी सरळ सांगितलं की माझ्यासारख्या शंभरात साधारण पंधराजणांना गाठ परत येते, आणि येते तेव्हा बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. या पंधरांसाठी पंच्याऐंशीजणांना केमो कशाला द्यायचा? लक्ष ठेवायचं. परत आलीच तर तेव्हा केमो, आणि तेव्हाही जवळजवळ सगळे बरे होतात. याला ते सर्व्हेलन्स म्हणतात.

लक्ष ठेवायचं म्हणजे अधूनमधून सीटी, आणि पहिलं वर्षभर दर दोन महिन्यांनी रक्त. अशी गाठ असली की रक्तात वाढू शकतात अशा गोष्टींच्या तीन तपासण्या: एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच. रक्तासाठी दर वेळी मुंबईला यायची गरज नाही, गावात द्या आणि रिपोर्ट पाठवा, असं ते म्हणाले. सोपं वाटलं. नव्हतं.

आता पहिली लॅब. चकाचक, एसी, मोबाइलवर नंबर येतो. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, परत चिठ्ठी वाचली.

"मिसेसचं आहे का?"

"माझं."

"पण बीटा एचसीजी तर प्रेग्नन्सीचं असतं."

मी म्हटलं, मला माहीत आहे, तरी माझंच. तिने कॉम्प्युटरवर पुरुष लिहिलं आणि खटपट करत बसली. मग आत गेली आणि आतून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा आवाज आला, "बीटा एचसीजी कोणाचं?" हॉलमध्ये पंधरा माणसं. त्यातला एक आमच्या जेटीवरचा बर्फवाला. मी हात वर केला. बर्फवाल्याने पुढे आठवडाभर मला पेढे कधी असं विचारलं. तो बिचारा वाईट नाही, त्याला खरं कळल्यावर एकदा घरी सुरमई ठेवून गेला.

गंमत सोडली तर त्या मुलीचं अर्धं बरोबरच होतं. ही तपासणी गरोदरपणाचीच आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी मला कागदावर गोल काढून समजावलं होतं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. बाळ पोटात असताना त्याच्या अंगात पुढे बीज तयार करणाऱ्या पेशी बाजूला काढून ठेवलेल्या असतात. त्यांना पुढे वाढून शहाणं व्हायचं असतं. काही तशाच कच्च्या राहतात आणि वयात आल्यावर, अंगात हार्मोन चढले की जाग्या होतात. १९७२ साली डेन्मार्कच्या नील्स स्काकेबेक यांनी मूल होत नाही म्हणून तपासलेल्या पुरुषांच्या वृषणात अशा विचित्र पेशी पाहिल्या आणि कॅन्सर त्यांच्यातूनच उगवतो हे दाखवलं. म्हणून हा रोग म्हाताऱ्यांचा नाही, पंधरा ते चाळीसच्या पोरांचा. मी तेव्हा एकतीसचा. लहानपणी ज्यांची गोटी खाली उतरलेली नसते त्यांना धोका जास्त. जवळजवळ प्रत्येक गाठीत बाराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूच्या जास्तीच्या प्रती सापडतात.

या कच्च्या पेशींना अजून आपण काय व्हायचं ते ठरवायचं असतं. त्यामुळे गाठीतला एक भाग बाळाच्या वारेसारखा (प्लासेंटासारखा) वागतो आणि एचसीजी सोडतो, एक भाग बाळाच्या पीतकोशासारखा, म्हणजे सुरुवातीला गर्भाला जोडलेल्या पिशवीसारखा वागतो आणि एएफपी सोडतो, आणि एखाद्या भागात कूर्चा, केस, दात असलंही निघू शकतं. त्याला टेराटोमा म्हणतात. म्हणजे जांघेखाली एक अर्धवट, डोकं फिरलेलं गरोदरपणच. काउंटरवरच्या मुलीला हे सांगायची सोय नव्हती.

त्या लॅबवर माझा खरा राग हॉलमधल्या आरोळीचा नाही, आकड्यांचा आहे. ऑपरेशनआधी माझं एएफपी ३८६ होतं. गाठ गेल्यावर ते एकदम शून्य होत नाही, रक्तातलं हळूहळू संपतं, पाच ते सात दिवसांत निम्मं, मग त्याच्या निम्मं. एचसीजी भराभर उतरतं, दीड दिवसात निम्मं. उतार या चालीने झाला तर कारखाना बंद पडला. चाल मंदावली तर कुठेतरी दुसरा कारखाना चालू आहे. मी इंजिनाच्या वहीत मागच्या पानावर तक्ता आखला होता. मुंबईत दुसऱ्या आठवड्याला ७९. चौथ्या आठवड्याला पंधरा-सोळा यायला हवं होतं, या लॅबचं आलं १३. मी खूश. वाटलं, ठरल्यापेक्षा लवकर. रिपोर्ट पाठवला तर डॉक्टरांचा उलट प्रश्न, युनिट काय? पाहिलं तर मुंबईचा आकडा नॅनोग्रॅममध्ये आणि यांचा इंटरनॅशनल युनिटमध्ये. एक युनिट म्हणजे साधारण १.२ नॅनोग्रॅम. तेराचे झाले पंधरा-सोळा. म्हणजे बरोबर चालीवरच, पण माझी खुशी खोटी. उद्या हाच घोटाळा उलट्या बाजूने झाला असता तर?

प्रेशर गेज बदललं तर आम्ही जुन्या आणि नव्या गेजवर एकदा शेजारी शेजारी रीडिंग घेतो. पोरगासुद्धा घेतो, त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

सहाव्या आठवड्याला एएफपी उतरून जागेवर आलं, एचसीजी केव्हाच गेलं होतं. मग डिसेंबरचं रक्त. एएफपी ठीक, एचसीजी ठीक, एलडीएच ५१२. त्यांच्याच कागदावर वरची मर्यादा अडीचशेच्या आसपास. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट, शनिवार-रविवार मुंबईत फोन लागेना. त्या दोन रात्री मी काय केलं असेल? बोटीच्या आडोशाला बसून, बायकोला कळू नये म्हणून, मोबाइलवर शोधत होतो. सोमवारी डॉक्टर म्हणाले, बाकी दोन स्वच्छ असताना एकटं एलडीएच वर असेल तर पहिला संशय रक्तावरच घ्यायचा. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एलडीएच बाहेर येतं आणि आकडा फुगतो. रक्त ओढताना जोर लावला, नळी हलवली, वेळेत फिरवली नाही, काहीही कारण पुरतं. दुसरीकडे परत करा.

लॅबला फोन केला. ते म्हणाले, मशीन बरोबर आहे. मशीनचं कोण बोललं?

तर ही झाली चार स्टारच्या लॅबची वाट. एका ओळखीच्या परिचारिकेने सांगितलं होतं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली झेरॉक्सचं दुकान. वर एक लांबट खोली, बाकडं, पडद्यामागे खुर्ची. रक्त घेणाऱ्या ताई पन्नाशीच्या असाव्यात. चिठ्ठी वाचून त्यांनी आवाज चढवला नाही, भुवई चढवली नाही. एवढंच विचारलं, "ऑपरेशन होऊन किती दिवस झाले, दादा?" मी तीन महिने म्हटलं. मग, "आधीचे रिपोर्ट आणलेत? द्या, युनिट बघू दे." मी तिथेच मनात तिसरा स्टार दिला.

नंतर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला कोणी विचारला नव्हता. "केसांच्या, नखांच्या गोळ्या घेता का?" आता, ऑपरेशननंतर माझे केस गळत होते. चिंतेने असेल. बायकोने दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणल्या होत्या आणि मी रोज एक घेत होतो. ताई म्हणाल्या, काही मशीनची रसायनं बायोटिनच्याच जोरावर चालतात, अंगात जास्तीचं बायोटिन असलं की एएफपी, एचसीजी खरं असेल त्यापेक्षा कमी दिसू शकतं. चार दिवस गोळी बंद करून या. पैसे घेतले नाहीत, परत पाठवलं. विचार करा, ज्या आकड्यावर माझा जीव टांगलेला, तो खोटा कमी दिसायची सोय मीच रोज सकाळी पाण्याबरोबर गिळत होतो. आणि हा प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने विचारला, एसीवाल्या लॅबने नाही.

चार दिवसांनी गेलो. हे सगळं मी नीट पाहिलं, कारण मला यंत्र दिसलं की उठवत नाही. दंडाला पट्टा बांधला तो मिनिटभरसुद्धा नाही, शीर सापडताच सोडला. पिवळ्या बुचाची नळी, आत तळाला जेल. रक्त आपल्या ओढीने भरू दिलं. मग नळी हळूच पाच-सहा वेळा उलटी-सुलटी केली, सरबताची बाटली हलवतात तशी नाही. आणि स्टँडवर उभी ठेवून घड्याळात पाहिलं. अर्धा तास. मी म्हटलं, आता कसली वाट? "गुठळी नीट बसू दे. घाई केली तर फिरवताना फुटतं."

अर्ध्या तासाने सेंट्रिफ्यूज. आता हे यंत्र तुम्ही पाहिलं नसेल तर, वरून झाकणाचा डबा, आत चक्र, चक्राला तिरकी भोकं, त्यात नळ्या. माझी एकच नळी होती. त्यांनी समोरच्या भोकात तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवली. मला हसू आलं, म्हटलं ताई, आम्ही पंख्याला हेच करतो. बोटीच्या पंख्याचं एक पातं जड असलं की शाफ्ट थरथरतो, बेअरिंग जातं. त्या म्हणाल्या, इथेही बेअरिंगच जातं. झाकण लावलं, आवाज चढत गेला, एकसारखा झाला, कुठे खरखर नाही. दहा मिनिटांनी नळी बाहेर आली तेव्हा तळाला गडद लाल, मध्ये जेलचा थर, वर पाणी. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवली. "बघा, पिवळं. गुलाबी झाक असती तर पाठवलं नसतं, परत टोचलं असतं."

एलडीएच १८८ आलं.

त्यानंतर फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, आणि दुसरं वर्ष लागल्यावर तीन महिन्यांनी नोव्हेंबर. दर वेळी तीच खुर्ची, त्याच ताई, मुंबईतल्या त्याच मुख्य लॅबमध्ये नमुना, तेच युनिट. तिन्ही तपासण्या मिळून मला साधारण १,९०० रुपये पडतात, एसीवाल्यापेक्षा शंभर-दीडशे जास्त. द्यावेत.

जूनचं सांगायलाच हवं. पावसाने सकाळपासून लाइट नव्हती. इन्व्हर्टरवर दिवे, पंखा चालतो, सेंट्रिफ्यूज नाही. जेटीवर मला तेरा इंजिनं वाट बघत होती आणि मी बाकड्यावर. दीड तास बसलो. शेवटी मीच म्हटलं, घ्या ना रक्त, लाइट आली की फिरवा, नाहीतर तसंच पाठवा मुंबईला. त्यांनी नाही म्हटलं. "न फिरवलेलं रात्रभर गाडीत हिंदकळत जाईल, आणि परवा तुम्हीच मला एलडीएच का वाढलं म्हणून विचाराल. उद्या या." चिडून उतरलो. जिन्यात अर्ध्यावर आलो तेव्हा आठवलं, नोझल न धुता इंजिन बंद करून द्या म्हणणाऱ्या तांडेलाला मीही असाच परत पाठवतो. दुसऱ्या दिवशी गेलो.

आता कापलेला स्टार. एक, जिना. गरोदर बाया आणि म्हातारी माणसं त्या जिन्यावर धापा टाकताना बघवत नाही. दोन, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणतात, पण ऑगस्टमध्ये चौथ्या दिवशी आला. वाटेत दरड होती हे मान्य, पण एक फोन करता येत होता. तीन, आणि हे मला कायम खुपतं, एचसीजीच्या रिपोर्टवर खाली अजूनही छापलेलं असतं: तिसरा आठवडा इतके ते इतके, चौथा आठवडा इतके ते इतके. पुरुषाच्या रिपोर्टवर! माझ्या आईने एकदा तो कागद चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "बाबा, तुझा कितवा आठवडा?" ती मस्करी करत होती, तिला एव्हाना सगळं पाठ आहे. पण एखाद्या वीस वर्षांच्या पोराने तो कागद होस्टेलवर कोणाला दाखवायचा?

आईला मी कसं समजावलं ते सांगतो, कारण कॅन्सर म्हटल्यावर ती दोन दिवस जेवली नव्हती. तिला युवराज सिंग माहीत आहे, आमच्या घरात २०११ चा वानखेडेवरचा फायनल सगळ्यांनी एकत्र पाहिला. म्हटलं, आई, त्याला जे झालं होतं ते माझ्याच खानदानातलं, फक्त छातीत, दोन फुप्फुसांच्या मधे. त्या कच्च्या बीजपेशी गर्भात प्रवास करताना कधी कधी वाटेत मागे राहतात, तिथेही गाठ होते. तो अमेरिकेत इंडियानापोलिसला गेला, लॉरेन्स आइनहॉर्न नावाच्या डॉक्टरकडे. २०१२ च्या मार्चमध्ये केमो संपला आणि त्याच वर्षी तो पुन्हा भारताकडून खेळला. या आइनहॉर्ननेच १९७४ मध्ये सिसप्लॅटिन हे औषध इतर दोन औषधांबरोबर अशा रुग्णांना द्यायला सुरुवात केली. त्याआधी रोग पसरला की दहातला एखादाच वाचायचा. आता पसरलेला असूनही दहातले आठ वाचतात, सौम्य गटातले तर नऊच्या वर.

सिसप्लॅटिनची गोष्ट मला मेकॅनिक म्हणून फार आवडते. १९६५ मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. पाण्यात प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या, त्यातून करंट. जंतू दुभंगेनात, नुसते सुतळीसारखे लांब वाढत गेले. कळलं की करामत विजेची नाही. पट्टीतलं प्लॅटिनम विरघळून पाण्यात आलं होतं आणि त्याने पेशी दुभंगणं थांबवलं होतं. आम्ही बोटीच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतो ते याच कारणाने, पाण्यात करंट आला की कुठला तरी धातू झिजणार, मग जस्त झिजू दे, पंखा वाचू दे. इथे झिजलेल्या धातूने माणसं वाचवली. आणि याच कॅन्सरला ते इतकं का लागू पडतं? पेशीत मोठा बिघाड झाला की तिने स्वतःला बंद करायचं, अशी एक कळ असते, पी५३ नावाची. बऱ्याच कॅन्सरमध्ये ती मोडलेली असते. या गाठींत ती बहुधा शाबूत असते, आणि बिघाड दुरुस्त करायची यांची ताकदही कमी. ऑइल प्रेशर पडलं की आपोआप बंद होणारं इंजिन आणि ती वायर कापून टाकलेलं इंजिन, फरक एवढाच. फुकट मात्र नाही मिळत काही. कान वाजणं, मुंग्या, मूत्रपिंडावर ताण, सोबतच्या ब्लिओमायसिनचा फुप्फुसांना त्रास. म्हणूनच ज्याला गरज नाही त्याला देत नाहीत, आणि गरज आहे की नाही ते ठरायला माझ्यासारख्याचं रक्त नीट फिरवलेलं लागतं.

डॉक्टरांनी एका नव्या तपासणीबद्दलही सांगितलं, रक्तातल्या मायक्रो आरएनएची, ३७१ नंबरची. आमच्या तिन्ही जुन्या तपासण्या बऱ्याच गाठींना हुकतात, सेमिनोमा नावाचा साधा प्रकार तर एएफपी सोडतच नाही. ही नवी बहुतेकांना पकडते म्हणे, फक्त टेराटोमा तिलाही दिसत नाही. अभ्यास चालू आहेत. ताईंना विचारलं, तुमच्याकडे कधी येणार? त्या म्हणाल्या, आधी लिफ्ट येऊ दे.

आणखी एक. जेटीवरच्या खलाशी पोरांना मी आता सांगतो, महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ करताना दोन्ही गोट्या बोटांत फिरवून बघा. पहिल्यांदा सगळे फिदीफिदी हसले, बर्फवाला सगळ्यात मोठ्याने. आठ दिवसांनी त्यातलाच एक संध्याकाळी वर्कशॉपवर आला, पाना हातात घेऊन उगाच फिरवत राहिला, मग म्हणाला, दादा, डाव्या बाजूला काहीतरी लागतंय. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गेलो. नसा फुगल्या होत्या, व्हेरिकोसील, गाठबीठ नाही. बाकी साधं रक्त मात्र ताईंकडेच दिलं, डॉक्टरांनी लिहिलं होतं म्हणून. त्याला सुईची भीती, डोळे मिटून बसला. ताईंनी त्याला विचारलं, "केसांच्या गोळ्या घेता का?" पोराला वाटलं टकलावरून चिडवतात.

माझं पुढचं रक्त फेब्रुवारीत. सकाळी आठ ते अकरा घेतात, उपाशी असायची गरज नाही. गाडी झेरॉक्सच्या दुकानासमोर लावू नका, तो ओरडतो.